बोन (फ्रान्स)

हा लेख फ्रान्समधील बोन या शहराविषयी आहे. जर्मनीतील बॉन या शहराशी त्याची गल्लत करू नये.

बोन हे पूर्व फ्रान्समधील एक तटबंदीयुक्त ऐतिहासिक शहर आहे. ते बूर्गोन्य-फ्राँश-कोंते प्रदेशातील कोत-दोर विभागात असून त्या विभागाच्या एका उपविभागाचे प्रशासकीय केंद्र आहे. लोकसंख्या सुमारे २०,००० आहे. बूर्गोन्य (बर्गंडी) वाइनच्या व्यापाराची राजधानी म्हणून शहराची ख्याती आहे. १४४३ साली गोरगरिबांसाठी स्थापन झालेले ओतेल-द्यू हे रुग्णालय आणि त्याच्या द्राक्षमळ्यांतील वाइनचा दरवर्षी नोव्हेंबरात होणारा लिलाव यांमुळे बोनचे नाव जगभर पोचले आहे. २०१५ साली 'बूर्गोन्यच्या द्राक्षमळ्यांचे क्लिमा' या नावाने युनेस्कोने जागतिक वारशात समाविष्ट केलेल्या भूप्रदेशात बोनच्या जुन्या शहराचाही अंतर्भाव आहे.

नाव

शहराच्या नावाचा संबंध बेलेनोस या गॉलिश देवतेशी जोडला जातो. झऱ्यांशी व आरोग्यदानाशी या देवतेचा संबंध मानला जात असे. शहराच्या कडेलाच बूझेझ हा ओढा उगम पावतो, त्यामुळे ही व्युत्पत्ती स्थानाला साजेशी वाटते. पुढे याच झऱ्याच्या पाण्याने तटाभोवतीचे खंदक भरले जात.

भूगोल

बोन हे दिजाँच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरवर, सोन नदीच्या मैदानाच्या पश्चिम कडेला वसले आहे. शहराच्या पश्चिमेस चुनखडीच्या टेकड्यांची एक अरुंद रांग उत्तर-दक्षिण पसरली असून तिच्या पूर्वाभिमुख उतारावर द्राक्षमळे आहेत. या रांगेच्या दक्षिणार्धाला कोत द बोन, म्हणजे 'बोनचा उतार', असे म्हणतात.

उताराची रुंदी फार तर एक-दोन किलोमीटर भरते, पण त्या अरुंद पट्ट्यातच सगळे महत्त्व साठलेले आहे. माथ्यावर मातीचा थर पातळ आणि वारा जास्त असतो. पायथ्याला माती खोल आणि ओलसर असते. मधल्या टप्प्यात चुनखडी आणि चिकणमाती यांचे मिश्रण असून सकाळचे ऊन थेट पडते व पाण्याचा निचरा चांगला होतो. उत्तम वाइन देणारे मळे बहुतांशी याच मधल्या टप्प्यात आढळतात. शेजारशेजारच्या दोन तुकड्यांतील वाइनमध्ये चव आणि किंमत या दोन्ही बाबतींत मोठी तफावत असू शकते आणि केवळ एक पायवाट त्यांना वेगळे करीत असते. अशा नावाने ओळखल्या जाणाऱ्या, सीमा निश्चित असलेल्या तुकड्याला येथे 'क्लिमा' म्हणतात. या शब्दाचा हवामान हा नेहमीचा अर्थ येथे अभिप्रेत नाही. आपल्याकडे गावातील शेतांना पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली नावे असतात, तशीच ही नावे आहेत. फरक इतकाच, की येथे ती नावे बाटलीवर छापली जातात आणि त्यांना कायद्याचे संरक्षण आहे. जागतिक वारशाच्या नोंदीत अशा १,२४७ क्लिमांचा समावेश आहे.

लाल वाइनसाठी पिनो न्वार आणि पांढऱ्या वाइनसाठी शार्दोने या दोन जातींची द्राक्षे येथे मुख्यत्वे लावली जातात.

इतिहास

रोमन काळात येथे एक छोटा किल्ला होता. मध्ययुगात बोन हे बूर्गोन्यच्या ड्यूकांच्या प्रमुख निवासस्थानांपैकी एक झाले. १२०३ साली तिसऱ्या ओद या ड्यूकाने शहराला सनद दिली आणि नागरिकांना आपला कारभार आपण पाहण्याचे अधिकार मिळाले. राजसत्तेचे केंद्र पुढे दिजाँला गेले, तरी बोनची वाइन दरबारांत मानाची राहिली. चौदाव्या शतकात पोपची गादी आव्हिन्यों येथे असताना तेथील कार्डिनल बोनच्या वाइनच्या मोहाने रोमला परत यायला तयार नाहीत, अशी तक्रार इटालियन कवी पेट्रार्क याने पाचव्या अर्बन पोपला लिहिलेल्या पत्रात केली होती. त्या काळी संपूर्ण उतारावरील वाइन 'बोनची वाइन' या एकाच नावाने विकली जात असे.

या लौकिकाला धक्का पोचू नये म्हणून ३१ जुलै १३९५ रोजी ड्यूक धाडसी फिलिप याने एक फर्मान काढून गामे या जातीच्या वेली उपटून टाकण्याचा हुकूम दिला. गामेचे उत्पन्न भरघोस येई, पण तिची वाइन त्याला हलकी वाटे. शेतकऱ्यांना ही जात प्रिय होती, कारण कमी कष्टात तिच्यापासून चार पैसे अधिक मिळत. त्यामुळे हुकूम सर्वत्र पाळला गेला नाही. तरीही उतारावरील उत्तम मळ्यांत पिनो न्वारच टिकून राहिली, तिला या धोरणाने मोठा आधार दिला.

१४७७ च्या जानेवारीत नान्सीच्या लढाईत ड्यूक धाडसी चार्ल्स मारला गेला आणि फ्रान्सचा राजा अकरावा लुई याने बूर्गोन्य ताब्यात घेतले. बोनने १४७८ साली बंड केले, ते मोडून काढण्यात आले. त्यानंतर राजाने शहराच्या तटातच एक भक्कम गढी उभारण्यास सुरुवात केली. तिचा रोख बाहेरच्या शत्रूइतकाच आतल्या नागरिकांवरही होता. धर्मयुद्धांच्या अखेरीस, १५९५ साली, नागरिकांनीच कॅथलिक लीगच्या शिबंदीविरुद्ध उठाव केला आणि चौथ्या हेन्रीच्या सैन्याला शहरात घेतले. गढीचे काम आता संपले होते. राजाने १६०२ साली ती पाडण्याचा आदेश दिला, मात्र तिचे प्रचंड बुरूज शिल्लक राहिले.

सतराव्या शतकात कापड विणणे हा बोनमधील एक महत्त्वाचा उद्योग होता. १६८५ साली चौदाव्या लुईने नान्तचे फर्मान रद्द केल्यावर प्रॉटेस्टंट विणकर व व्यापारी देश सोडून गेले आणि या उद्योगाला ओहोटी लागली. पुढच्या काही दशकांत शहराने आपले भवितव्य वाइनच्या घाऊक व्यापाराशी बांधले. १७२० साली शांपी आणि १७३१ साली बुशार या पेढ्या सुरू झाल्या. यांतील बुशार घराणे मुळात कापडाच्या व्यापारात होते, ही गोष्ट या स्थित्यंतराची साक्ष देते.

तटबंदी

आज दिसणारी तटबंदी मुख्यतः पंधराव्या व सोळाव्या शतकांतील आहे. सुमारे दोन किलोमीटर परिघाच्या या तटाचा बराच भाग शाबूत असून त्याच्या कडेने शहराला फेरी मारता येते. खंदकांचे काही भाग बुजवून तेथे बागा, वाहनतळ आणि झाडांनी वेढलेला वर्तुळाकार रस्ता करण्यात आला आहे.

युरोपातील अनेक शहरांनी एकोणिसाव्या शतकात आपले तट पाडून टाकले. बोनचा तट टिकला त्यामागे इतिहासप्रेमापेक्षा व्यवहार अधिक होता. तोफखान्याच्या माऱ्याला तोंड देण्यासाठी बांधलेल्या बुरुजांच्या भिंती कित्येक मीटर जाड आहेत. आतले तापमान उन्हाळ्यात व हिवाळ्यात जवळपास सारखे राहते आणि पिपांत वाइन मुरवण्यासाठी याहून चांगली जागा मिळणे कठीण. तट निरुपयोगी ठरल्यावर त्याचे भाग खासगी मालकीत गेले आणि व्यापाऱ्यांनी बुरुजांची कोठारे केली. १८२० साली बुशार घराण्याने जुन्या गढीचे बुरूज विकत घेतले, तेथे आजही एकोणिसाव्या शतकातील बाटल्या जतन केलेल्या आहेत.

जमिनीच्या वर दिसते तेवढेच बोन नाही. जुन्या शहराच्या रस्त्यांखाली, मठांच्या आणि घरांच्या पोटात तळघरांचे जाळे पसरले आहे. पात्रियार्श या पेढीची तळघरेच सुमारे पाच किलोमीटर लांबीची आहेत.

ओतेल-द्यू

बोनमधील सर्वांत महत्त्वाची वास्तू म्हणजे ओतेल-द्यू. ड्यूक फिलिप (सज्जन) याचा चॅन्सेलर निकोला रोलँ आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ यांनी ४ ऑगस्ट १४४३ रोजी या रुग्णालयाची स्थापना केली. शतवार्षिक युद्ध अद्याप संपलेले नव्हते. १४३५ च्या आरासच्या तहाने बूर्गोन्य आणि फ्रान्स यांच्यातील वैर मिटले, पण तहानंतर बेकार झालेल्या सैनिकांच्या टोळ्या खेड्यापाड्यांतून लूटमार करीत हिंडत होत्या. भरीस भर म्हणून दुष्काळ आणि रोगराई होती. बोनमध्ये निराधारांची संख्या मोठी होती.

रोलँ हा त्या काळातील अत्यंत श्रीमंत व सत्तावान अधिकारी होता. यान व्हॅन आइक याने रंगवलेल्या आणि आता लूव्र संग्रहालयात असलेल्या एका प्रसिद्ध चित्रात तो मेरीसमोर गुडघे टेकून बसलेला दिसतो. एवढ्या लोकांना दरिद्री करणाऱ्याने मरण्यापूर्वी त्यांच्यासाठी घर बांधावे हे रास्तच, अशा आशयाचे बोचरे उद्गार अकराव्या लुईच्या तोंडी घातले जातात. उद्गार खरे असोत वा नसोत, रुग्णालय मात्र पाचशेहून अधिक वर्षे चालले. १ जानेवारी १४५२ रोजी पहिला रुग्ण दाखल झाला आणि १९७१ साली रुग्णसेवा नव्या इमारतीत हलविण्यात आली.

रस्त्याच्या बाजूने इमारत साधी दिसते. उंच पाटीच्या दगडाचे छप्पर आणि एक निमुळता मनोरा, इतकेच काय ते नजरेत भरते. आतल्या चौकात गेल्यावर लाल, तपकिरी, पिवळ्या व हिरव्या चकचकीत कौलांच्या भौमितिक नक्षीची छपरे समोर येतात. ही कौले विसाव्या शतकाच्या आरंभी नव्याने बसवलेली आहेत. बूर्गोन्यचे प्रतीक म्हणून हीच छपरे आज भित्तिपत्रकांवर दिसतात.

'गरिबांचे दालन' सुमारे ५० मीटर लांब असून त्याचे लाकडी छत उलट्या ठेवलेल्या जहाजाच्या तळासारखे आहे. दोन्ही भिंतींना लागून पडदे असलेल्या २८ खाटांच्या रांगा आहेत. पूर्वी एका खाटेवर दोन रुग्ण झोपवले जात. दालनाच्या टोकाला प्रार्थनागृह आहे, त्यामुळे रुग्णांना अंथरुणातूनच प्रार्थनेत भाग घेता येई. जमिनीवरील फरशांवर संस्थापक पतिपत्नींची आद्याक्षरे, एक तारा आणि 'एकमेव' या अर्थाचा शब्द वारंवार येतो. रोलँने हे बोधवाक्य पत्नीला उद्देशून घेतले असे मानतात. दालनाची आजची मांडणी मात्र १८७० च्या दशकातील जीर्णोद्धाराची आहे, हे पाहणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

प्रार्थनागृहासाठी रोलँने फ्लेमिश चित्रकार रॉजियर व्हॅन डर वेडन याच्याकडून 'अंतिम निवाडा' हे अनेक फळ्यांचे चित्र करवून घेतले. ते १४४५ ते १४५० च्या सुमारास रंगवले गेले. ओक लाकडाच्या नऊ फळ्यांवर एकूण पंधरा चित्रे असून उघडलेल्या स्थितीत त्याची रुंदी साडेपाच मीटरांच्या आसपास भरते. मध्यभागी येशू आहे आणि त्याच्या खाली देवदूत मायकेल तराजूत माणसांचे आत्मे तोलतो आहे. एका बाजूचे लोक स्वर्गाच्या दाराकडे, तर दुसऱ्या बाजूचे नरकाकडे जात आहेत. विशेष म्हणजे नरकात त्यांना ओढून नेणारा एकही सैतान दाखवलेला नाही. आपापल्या पापाच्या भारानेच ते कोसळतात. मृत्यूशय्येवरील रुग्णांना हे चित्र एरवी बंद अवस्थेत, म्हणजे दात्यांच्या व संतांच्या चित्रांसह, दिसे आणि रविवारी व सणाच्या दिवशी ते उघडले जाई. एकोणिसाव्या शतकात त्यातील नग्न आकृत्यांवर कपडे रंगवण्यात आले होते, ते जीर्णोद्धारात काढून टाकण्यात आले. दोन्ही बाजू एकाच वेळी पाहता याव्यात म्हणून फळ्या जाडीतून चिरून वेगळ्या करण्यात आल्या. आता हे चित्र स्वतंत्र दालनात, मंद प्रकाशात ठेवलेले आहे.

द्राक्षमळ्यांचे दान आणि लिलाव

रुग्णालय मोफत होते, त्याचा खर्च दानावर चाले. १४५७ साली गियमेत लव्हेर्निए या स्त्रीने रुग्णालयाला द्राक्षमळा दिला. द्राक्षमळ्यांच्या दानाची ही पहिली नोंद मानली जाते. त्यानंतर शतकानुशतके भाविक, कृतज्ञ रुग्ण आणि निपुत्रिक मळेवाले आपले तुकडे रुग्णालयाच्या नावे करीत राहिले. आज ओस्पिस द बोन या संस्थेकडे सुमारे ६० हेक्टर मळे आहेत आणि त्यांतील बहुतेक उच्च श्रेणीचे आहेत. वाइनच्या प्रत्येक मिश्रणाला प्रमुख दात्यांची नावे दिली जातात.

१८५९ पासून या वाइनचा जाहीर लिलाव नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी होतो. विक्री बाटल्यांची नव्हे, तर पिपांची होते. एका पिपात २२८ लिटर वाइन मावते आणि स्थानिक भाषेत त्याला 'पियेस' म्हणतात. लिलावाच्या वेळी वाइन अवघ्या काही आठवड्यांची असते. ती पुढे बोन परिसरातील एखाद्या व्यापाऱ्याच्या तळघरात मुरवून बाटलीबंद करावी लागते. पूर्वी बोली मेणबत्तीच्या ज्योतीवर चाले व ज्योत विझताच सौदा पक्का होई. ही प्रथा आता प्रतीकापुरती उरली आहे. २००५ पासून क्रिस्टीज आणि २०२१ पासून सदबीज या संस्थांनी लिलावाचे संचालन केले. दरवर्षी एक खास पीप एखाद्या सेवाकार्यासाठी विकले जाते. २०२२ साली अशा पिपाला ८,१०,००० युरो मिळाले.

लिलावाचे उत्पन्न रुग्णालयाची उपकरणे, इमारती, वृद्धाश्रम आणि वारशाचे जतन यांसाठी वापरले जाते. चैनीच्या मालाच्या किमतीवर गरिबांची शुश्रूषा उभी राहावी, ही या व्यवस्थेतील विसंगती पुष्कळांच्या नजरेस येते. परंतु ती पहिल्या दानापासूनची आहे आणि तिच्याविना रुग्णालय इतकी शतके टिकले नसते. या लिलावातील भाव हा त्या वर्षीच्या बूर्गोन्य वाइनच्या किमतीचा पहिला अंदाज समजला जातो. मात्र दानधर्माच्या भावनेने दिलेला भाव बाजारभाव म्हणून धरावा काय, याविषयी मळेवाल्यांत व व्यापाऱ्यांत मतभेद आहेत. २०१५ साली ल्यूदिव्हीन ग्रिव्हो यांची संस्थेच्या मळ्यांच्या व्यवस्थापकपदी नेमणूक झाली. या पदावर आलेल्या त्या पहिल्या महिला होत.

व्यापारी आणि मळेवाले

फ्रेंच राज्यक्रांतीत चर्च आणि सरदारांचे मळे जप्त होऊन लिलावाने विकले गेले. त्यानंतरच्या वारसा कायद्याने सर्व मुलांना समान वाटा मिळू लागला आणि मळ्यांचे तुकडे होत गेले. एकेका कुटुंबाकडे निरनिराळ्या गावांत चार-चार, सहा-सहा ओळी उरल्या. एवढ्याशा पिकाची स्वतंत्र वाइन करून दूरदेशी विकणे शक्य नव्हते. ही उणीव बोनच्या 'नेगोसियाँ' व्यापाऱ्यांनी भरून काढली. अनेकांकडून वाइन किंवा द्राक्षे घ्यायची, आपल्या तळघरात मुरवायची आणि आपल्या नावाने विकायची, हा त्यांचा व्यवसाय. लुई लातूर, लुई झादो, जोसेफ द्रुएँ या पेढ्या अशाच वाढल्या. विसाव्या शतकात भेसळ आणि नावांच्या गैरवापराविरुद्ध मळेवाल्यांनी आवाज उठवला व अनेकांनी स्वतःच बाटलीबंद करून विकायला सुरुवात केली. १९३५ च्या कायद्याने उगमस्थानाच्या नावांना संरक्षण मिळाले.

१८७८ साली कोत-दोरमध्ये, मर्सो या गावी, फायलोक्सेरा ही वेलींच्या मुळांवर जगणारी कीड सापडली. रासायनिक उपाय अपुरे पडल्यावर अमेरिकन खुंटावर स्थानिक जातीचे कलम करण्याचा मार्ग उरला. परक्या मुळांनी वाइनची चव बिघडेल या भीतीने त्याला काही वर्षे कडवा विरोध झाला. शेवटी वेली मात्र कलमी झाल्या. अमेरिकन खुंटावर डोळा भरण्याची ही पद्धत महाराष्ट्रातील द्राक्षबागायतदारांना आज नित्याची आहे.

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन ताब्याच्या काळात पेढीचे प्रमुख मोरिस द्रुएँ हे अटक टाळण्यासाठी आपल्या घराखालील तळघरांतून निसटले आणि शहर मुक्त होईपर्यंत ओतेल-द्यूमध्ये लपून राहिले. त्या उपकाराची परतफेड म्हणून त्यांनी पुढे रुग्णालयाला मळे दिले.

द्राक्षतोडणीची नोंद आणि हवामान

मध्ययुगापासून बोनमध्ये द्राक्षतोडणीचा दिवस अधिकृतपणे ठरवला जाई. त्याआधी कोणी द्राक्षे खुडल्यास दंड होई. नोत्र-दाम चर्चचे जमाखर्च, नगरपरिषदेचे ठराव आणि नंतरच्या काळातील वृत्तपत्रे यांतून संशोधकांनी १३५४ ते २०१८ या काळातील तोडणीच्या तारखांची सलग मालिका तयार केली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार १९८८ नंतरची तोडणी त्याआधीच्या शतकांच्या सरासरीपेक्षा सुमारे तेरा दिवस लवकर होऊ लागली आहे. २००३ पासूनच्या सोळापैकी आठ वर्षे विलक्षण लवकर तोडणीची ठरली. मजुरांना रोजी देण्याच्या हिशेबासाठी ठेवलेली ही चोपडी आता युरोपच्या हवामानबदलाचा एक महत्त्वाचा पुरावा ठरली आहे.

उष्णतेने पालवी लवकर फुटते आणि नंतरच्या थंडीत कोवळे कोंब गोठतात, असा दुहेरी फटका बसतो. एप्रिल २०२१ च्या थंडीच्या लाटेनंतर ओस्पिसच्या लिलावात २०२२ च्या निम्म्याहूनही कमी पिपे आली. रात्री मळ्यांत मेणबत्त्या पेटवून कोंब वाचवण्याची धडपड छोट्या मळेवाल्यांना परवडणारी नसते. त्यातच जमिनीच्या वाढत्या भावामुळे वारसाकर भरणे कठीण होऊन कित्येक कुटुंबांना आपले तुकडे मोठ्या गुंतवणूकदारांना विकावे लागत आहेत.

अन्य स्थळे आणि व्यक्ती

नोत्र-दाम हे बाराव्या शतकातील रोमनेस्क शैलीचे चर्च आहे. तेथे मेरीच्या चरित्रातील प्रसंगांचे पंधराव्या शतकाच्या अखेरीस विणलेले भिंतपट आहेत. ड्यूकांच्या जुन्या वाड्यात वाइनचे संग्रहालय आहे.

वर्णनात्मक भूमितीचा जनक गास्पार मोंज याचा जन्म ९ मे १७४६ रोजी बोनमध्ये झाला. कुमारवयात त्याने स्वतः मोजमाप घेऊन आपल्या गावाचा मोठा नकाशा काढला आणि त्यामुळेच त्याला मेझिएर येथील लष्करी अभियांत्रिकी शाळेत प्रवेशाची वाट मिळाली. तेथे तटबंदीच्या रचनेचा प्रश्न दीर्घ गणिताऐवजी आलेखाने सोडवताना त्याला या भूमितीचे तत्त्व सापडले. अभियांत्रिकी रेखनात वस्तूचे समोरून, वरून व बाजूने असे दर्शन काढण्याची पद्धत त्यावरच उभी आहे. शहराच्या मध्यवर्ती चौकात फ्राँस्वा र्यूद याने घडवलेला मोंजचा पुतळा आहे. हालचालींची छायाचित्रे टिपून चित्रपटाच्या शोधाला वाट करून देणारा शरीरक्रियाशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे (१८३०–१९०४) हाही बोनचाच.

पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, मायदेशी परतण्याची वाट पाहणाऱ्या अमेरिकन सैनिकांसाठी बोनजवळ एक तात्पुरते विद्यापीठ चालवले गेले. १९६६ च्या 'ला ग्राँद वाद्रूय' या लोकप्रिय फ्रेंच चित्रपटातील काही प्रसंग ओतेल-द्यूमध्ये चित्रित झाले आहेत.

दळणवळण

दिजाँ ते लियों या जुन्या रेल्वेमार्गावर बोनचे स्थानक आहे. पॅरिसकडून दक्षिणेकडे जाणारा ए-६ महामार्ग शहराच्या जवळून जातो आणि उत्तरेकडून येणारा ए-३१ येथेच त्याला मिळतो. २०२३ साली शहराच्या सीमेवर बूर्गोन्यच्या क्लिमा व वाइनची माहिती देणारे एक नवे केंद्र सुरू झाले.